जलाशयाकाठचे शालेय शिबिर : पवना-लोहगड परिसराच्या आधारे काही विचार

सहल आणि शिबिर हे दोन शब्द शाळेच्या दप्तरात पुष्कळदा एकाच अर्थाने लिहिले जातात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. सहलीत मुले पाहुण्यासारखी जातात, पाहतात, डबा खातात आणि दिवे लागण्यापूर्वी परततात. शिबिरात मुलांना त्या स्थळी राहावे लागते. पाणी कोठून आणावयाचे, चूल कोठे मांडावयाची, कचरा कोठे टाकावयाचा, वारा कोणत्या दिशेने येतो, रात्री थंडी किती पडते, हे प्रश्न त्यांना स्वतः सोडवावे लागतात. सहलीत स्थळाचे दर्शन घडते. शिबिरात स्थळाशी परिचय होतो. इंग्लंडमध्ये १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे जे पहिले शिबिर भरविले व ज्यातून पुढे बालवीर चळवळ उभी राहिली, त्याचे मर्मही हेच होते. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तरविरहित काळ सुचविला आहे. त्या दिवसांचे करावयाचे काय, असा प्रश्न ज्या शिक्षकांपुढे असेल, त्यांना गड आणि जलाशय जेथे शेजारी आहेत असे स्थळ फार उपयोगी पडेल. प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यातील पवना जलाशय व लोहगड यांचा परिसर घेतला आहे. ज्या शिक्षकांची शाळा तेथून दूर असेल, त्यांनी आपल्या जवळचा गड व तलाव डोळ्यांपुढे ठेवून हेच विवेचन लावून पाहावे.

स्थळाची ओळख

लोणावळ्याच्या दक्षिणेस पवना नदीचे खोरे आहे. यालाच पवन मावळ म्हणतात. या नदीवर १९७० च्या दशकाच्या आरंभी धरण पूर्ण झाले आणि खोऱ्याच्या वरच्या अंगास मोठा जलाशय निर्माण झाला. जलाशयाभोवती चार गड उभे आहेत : उत्तरेस लोहगड व विसापूर ही जोडी, आणि दुसऱ्या अंगास तुंग व तिकोना. तुंगाचा आकार शंकूसारखा, तर तिकोन्याचा त्रिकोणी. दुसऱ्याच्या नावातच त्याचा आकार आला आहे. लोहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३३ मीटर असून शेजारचा विसापूर त्याहूनही उंच आहे. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील मळवली स्थानकावर उतरून भाजे गावातून पायवाटेने लोहगडवाडीस जाता येते. वाटेत भाज्याची लेणी लागतात. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास आरंभ झाला असे मानले जाते. म्हणजे एकाच दिवसाच्या चालण्यात मुलांना दोन हजार वर्षांपूर्वीचे कोरीव काम, मध्ययुगातील गड आणि आपल्या काळातील धरण अशी तीन युगांची कामे पाहावयास मिळतात. तिन्ही कामे माणसांच्या हातांनी केली, तिन्ही याच काळ्या कातळाच्या मुलखात केली. मात्र प्रत्येकाचा हेतू निराळा होता. शिबिराचा अभ्यासक्रम आखताना हे सूत्र हाताशी ठेवावे.

या डोंगरांचा खडक म्हणजे बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून निघालेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. गडाच्या उभ्या कड्याकडे दुरून पाहिले असता हे थर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. कठीण थर टिकले, मऊ थर झिजले. म्हणून सह्याद्रीतील पुष्कळ गडांचे माथे सपाट आणि कडे ताशीव आहेत. ज्या मुलाने पाठ्यपुस्तकात 'अग्निजन्य खडक' हा शब्द केवळ पाठ केला असेल, त्याला कड्याकडे बोट दाखवून पट्ट्या मोजावयास सांगाव्यात. शब्दाचा अर्थ त्याला निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

गड कसा वाचावा

गडावर गेल्यावर सनावळी सांगत सुटण्याचा मोह टाळावा. मुलांनी प्रथम पाहावे आणि प्रश्न विचारावेत. सनावळी त्यांच्या प्रश्नांच्या उत्तरादाखल यावी.

लोहगडवाडीकडून चढताना एकामागून एक चार दरवाजे लागतात : गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. येथे मुलांना एकच प्रश्न द्यावा : वाट सरळ का नाही? दरवाज्यापर्यंतची वाट वळसे घेत जाते, आणि प्रत्येक वळणावर वरच्या तटावरून खालच्या वाटेवर नजर राहते. चालून येणाऱ्या शत्रूला सरळ धावत येऊन दरवाज्यावर आघात करता येऊ नये व त्याच्यावर वरून मारा करता यावा, ही त्यातील योजना. एका मुलाने तटावर उभे राहावे आणि इतरांनी खालून चालत यावे. खालची मुले किती वेळ वरच्याच्या दृष्टीत राहतात हे मोजावे. दुर्गरचनेचा हा पाठ पुस्तकाच्या चार पानांपेक्षा अधिक टिकतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इतक्या उंचीवर नदी नाही, ओढा नाही. मग शेकडो माणसांनी गडावर राहावयाचे कसे? याचे उत्तर कातळात खोदलेल्या टाक्यांत आहे. कठीण बसाल्टमधून पाणी सहसा झिरपत नाही. त्यामुळे पावसाळ्यात साठलेले पाणी पुढे कित्येक महिने पुरते. टाके खोदताना निघालेला दगड बांधकामासही उपयोगी पडे. लोहगडावर सोळा कोनांचे मोठे तळे आहे. त्याचे काम अठराव्या शतकाच्या अखेरीस नाना फडणवीसांच्या काळात झाले. गडावरून दक्षिणेस खाली पवनेचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. गडावरचे टाके आणि खालचे धरण ही दोन्ही पावसाचे पाणी अडविण्याचीच साधने आहेत, हे मुलांच्या तोंडून यावे अशी प्रश्नांची मांडणी करावी.

तिसरा प्रश्न विसापूरचा. दोन गड इतके जवळ का बांधले? याचे उत्तर मार्च १८१८ मधील घटनांत सापडते. इंग्रजांच्या फौजेने प्रॉथर याच्या नेतृत्वाखाली प्रथम विसापूर घेतला. विसापूर उंच असल्याने तेथून लोहगडावर तोफांचा मारा करणे शक्य झाले आणि लोहगड लढविणे व्यर्थ ठरले. तोही लागलीच पडला. दोन गड एकमेकांचे रक्षण करतात, परंतु त्यांतील उंच गड शत्रूच्या हाती गेला तर तोच दुसऱ्याचा वैरी होतो, हे भूगोलाने इतिहासाला शिकविलेले सत्य आहे. लोहगडावर उभे राहून विसापूरकडे पाहिल्यावाचून ते नीट उमगत नाही.

एवढे झाल्यावर सनावळीस जागा मिळते. १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी हा मुलूख स्वराज्यात आणला. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. म्हणजे शिबिराच्या जागेवरून दृष्टीस पडणारा प्रत्येक गड त्या तहात गेला होता. १६७० मध्ये लोहगड पुन्हा जिंकून घेण्यात आला. अलीकडे, जुलै २०२५ मध्ये, 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्या बारांत लोहगड आहे. हा मान मिळाल्याने जबाबदारीही वाढली आहे. ती कोणती, हे पुढे सांगितले आहे.

जलाशय : किती पाणी आणि कोणाचे

पवना धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ८.५१ टी.एम.सी. सांगितला जातो. हे अक्षर वर्तमानपत्रात रोज येते; परंतु त्याचा अर्थ मोठ्यांनाही क्वचित ठाऊक असतो. एक टी.एम.सी. म्हणजे १०० कोटी घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. यावरून एका टी.एम.सी.मध्ये सुमारे २,८३० कोटी लिटर आणि पवनेच्या उपयुक्त साठ्यात सुमारे २४,१०० कोटी लिटर पाणी येते. हे गणित जलाशयाच्या काठी बसून, पाटीवर, मुलांकडून करवून घ्यावे. इतकी शून्ये लिहिताना पाण्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलेल.

यापुढचे गणित अधिक महत्त्वाचे आहे. ग्रामीण भागात नळाने द्यावयाच्या पाण्याचे प्रमाण जलजीवन मिशनमध्ये दरमाणशी दररोज ५५ लिटर धरले आहे. शहरांसाठी सर्वसाधारणतः १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. एक हजार वस्तीच्या गावास पहिल्या प्रमाणाने वर्षाकाठी सुमारे २ कोटी लिटर पाणी लागेल. तितक्याच वस्तीच्या शहरी पेठेस दुसऱ्या प्रमाणाने सुमारे ४ कोटी ९३ लाख लिटर. दोन प्रमाणांत हे अंतर का असावे, यावर मुलांना बोलू द्यावे. त्यांच्या उत्तरांत शहरातील मलनिःसारणाची गरज येईल, गुरांसाठी लागणारे पाणी येईल, आणि न्याय-अन्यायही येईल. शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये.

कारण या जलाशयाखाली शेते आणि घरे गेली आहेत. पवनेचे पाणी नदीपात्रातून खाली जाऊन रावेत येथे उचलले जाते आणि पिंपरी-चिंचवड शहरास पुरविले जाते. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्यापैकी पुष्कळांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळले. धरणापासून शहरापर्यंत बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलनाच्या वेळी पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. ही हकीकत लहान मुलांना सांगावी की नाही असा संकोच काही शिक्षकांना वाटेल. परंतु मावळातील मुले ती घरी ऐकतातच. शाळेने ती शांतपणे, कोणत्याही पक्षाची बाजू न घेता, घडले तेवढे सांगितले तर मुलांच्या मनात शाळेविषयी विश्वास वाढतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की जलाशयातील वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर उघडे पडते. पाण्याखाली गाव होते, या विधानास त्याहून ठळक पुरावा नाही. काठच्या एखाद्या वृद्ध ग्रामस्थास शिबिरात बोलावून जुन्या वाटा, जुनी शेते, नदीचा जुना प्रवाह कोठून जात असे, हे मुलांना ऐकवावे आणि त्यांच्याकडून त्याचा नकाशा काढून घ्यावा. तो नकाशा शाळेच्या संग्रहात राहावा. ज्यांनी जुने खोरे डोळ्यांनी पाहिले अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

शिबिराची वेळ व जागा

जून ते सप्टेंबर हा काळ पूर्णतः वर्ज्य समजावा. मावळातील पाऊस थोड्या वेळात ओढ्यांना पूर आणतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरातील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण पाहता पाहता वाहून गेले. क्षणापूर्वी पाणी घोट्याइतके होते म्हणून क्षणानंतरही तितकेच राहील, असे डोंगरातील ओढ्याविषयी कधीही गृहीत धरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय.

मुक्कामासाठी काठावरील गावातील प्राथमिक शाळेची इमारत मिळाल्यास सर्वांत चांगले. तेथे छप्पर असते, शौचालय असते, पिण्याचे पाणी असते आणि गावाची दृष्टी असते. यजमान शाळेची मुले व पाहुण्या शाळेची मुले एकत्र आली की शिबिराचे मोलही दुप्पट होते, आणि पुढील वर्षी यजमानांनी पाहुणे व्हावे असा परिपाठ पडू शकतो. तंबूच ठोकावयाचे असल्यास जागामालकाची परवानगी घेऊन ते काठापासून दूर व थोड्या उंचवट्यावर ठोकावेत. याला दोन कारणे आहेत. जलाशयाची पातळी स्थिर नसते, हे एक. दुसरे असे की, रात्री थंड झालेली हवा जड होऊन उताराने खाली येते व पाण्याकाठच्या सखल भागात साचते. तेथे दवही अधिक पडते. सकाळी सहा वाजता एक उष्णतामापक काठाशी व दुसरा उंचवट्यावर ठेवून मुलांना हा फरक वाचता येईल. वाळलेल्या झाडाखाली, कड्याच्या पायथ्याशी आणि धरणाच्या खालच्या बाजूस नदीपात्रात मुक्काम कधीही करू नये. धरणातून पाणी सोडले असता पात्र अल्पावधीत भरते.

पालकांची लेखी संमती, मुख्याध्यापकांची व वरिष्ठांची मंजुरी, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यास पूर्वसूचना, तसेच जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता व दूरध्वनी या गोष्टी निघण्यापूर्वी हातात असाव्यात. शिक्षकाने एकदा स्वतः जाऊन जागा पाहिल्याखेरीज मुलांना नेऊ नये.

पाण्याविषयी एकच नियम

शिबिरात पाण्याविषयी एकच नियम असावा : कोणीही पाण्यात उतरावयाचे नाही. पोहता येणारी मुले नाहीत, न येणारी नाहीत, शिक्षकही नाहीत. नियमास अपवाद ठेवला की तो नियम राहत नाही.

परंतु नुसता नियम सांगून भागत नाही. त्याचे कारण मुलांना पटले पाहिजे. गावातील तळ्याचा काठ बहुधा हळूहळू खोल होत जातो. धरणाचा जलाशय तसा नाही. तो मुळात एक दरी आहे. पाण्याखाली जुने नदीपात्र आहे, शेतांचे बांध आहेत, विहिरी आहेत, झाडांचे बुंधे आहेत. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मुलाचे पुढचे पाऊल पुरुषभर खोल पाण्यात पडू शकते. पाणी उतरत गेल्यावर उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय रुततो. वरचे पाणी उन्हाने कोमट असले तरी खालचे थंड असते. अशा पाण्यात एकाएकी शिरल्याने श्वास अडखळतो आणि पोहता येणाराही गांगरतो. वाळूत काठीने दरीचा छेद काढून त्यात पाण्याची रेषा ओढून दाखविली, तर दहा वर्षांच्या मुलासही हे समजते.

बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी दुसऱ्याने उडी घालावी आणि दोघेही जावेत, असे पुष्कळदा घडते. म्हणून मुलांना क्रम शिकवावा : प्रथम मोठ्याने हाक, मग काठी, मग दोर. काठावर आडवे पडून काठी पुढे करावी. ती पोहोचत नसेल तर दोर अथवा गाठी मारलेली धोतरे-साड्या टाकाव्यात. झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा दोरास बांधून फेकल्यास तो बुडणाऱ्यास आधार देतो. याचा सराव शाळेच्या मैदानावर, निघण्यापूर्वी, खेळ म्हणून घ्यावा. मुलांच्या जोड्या लावाव्यात आणि जोडीदाराने जोडीदारास कधीही सोडू नये. दर तासास शिट्टी वाजवून गणती घ्यावी. दहा मुलांमागे निदान एक मोठे माणूस असावे. मुली असल्यास शिक्षिका अथवा गावातील माता सोबत असणे आवश्यक समजावे.

अग्नी, अन्न आणि आरोग्य

स्वयंपाकाची जागा तंबूंपासून दूर व वाऱ्याच्या खालच्या बाजूस असावी. हिवाळ्यात डोंगरावरील गवत वाळलेले असते. चुलीभोवतालची जागा साफ करून पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्याखेरीज चूल पेटवू नये, आणि निखारे विझवून, हात लावून थंड झाल्याची खात्री करावी. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत अथवा बंद खोलीत नेण्यास सक्त मनाई असावी. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास तो जागे होण्याची संधीही देत नाही.

जलाशयाचे पाणी स्वच्छ दिसले तरी ते तसेच पिऊ नये. गाळून, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू देऊन मग वापरावे. अथवा आरोग्य उपकेंद्रातून क्लोरीनचे द्रावण आणून त्यावर लिहिलेल्या प्रमाणात घालावे. शौचालय नसल्यास चर खणावे लागतील. ते पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर दूर असावेत, प्रत्येक वापरानंतर माती टाकावी व निघताना ते पूर्ण बुजवावेत. भांडी व कपडे जलाशयात धुऊ नयेत. पाणी बादलीने बाहेर काढून दूर धुवावे. ज्या पाण्यावर एक शहर जगते त्यात साबण सोडण्याचा अधिकार शिबिरास नाही, एवढे सांगितले तरी पुरे, कारण आदल्या दिवशीचे टी.एम.सी.चे गणित मुलांच्या ध्यानात असते.

सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे जाणे, जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. मुलास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून शक्य तितक्या लवकर दवाखाना गाठावा. गडाच्या कड्यांवर आग्या माश्यांची मोहोळे असतात. त्यांच्या जवळ धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा आणि दगड मारणे यांपासून मुलांना दूर ठेवावे.

रात्रीची शाळा

शिबिराचा खरा लाभ सूर्यास्तानंतर सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत अंधार पडताच पूर्वेकडे कृत्तिकांचा लहानसा पुंजका, त्याखाली तांबूस रोहिणी आणि पाठोपाठ मृग नक्षत्र वर येते. नंतर तेजस्वी व्याध उगवतो. उत्तरेस सप्तर्षी या वेळी दिसत नाहीत. म्हणून शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांवरून ध्रुव शोधावा. आता मुलांस हात ताठ पुढे करून मूठ वळण्यास सांगावे. अशा मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मुठी मोजल्यास त्या दोनांहून किंचित कमी येतात. याचा अर्थ असा की ध्रुव सुमारे १९ अंशांवर आहे, आणि या स्थळाचे अक्षांशही जवळजवळ तेवढेच आहेत. नकाशाच्या वहीतील आडव्या रेषा कोठून आल्या, हे मुलाला आपल्या मुठीने कळते. पवनेचे पाणी मुळा, मुळा-मुठा, भीमा आणि कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते, हेही याच वेळी सांगावे. ज्या सह्याद्रीच्या माथ्यावरून अरबी समुद्र इतका जवळ, तेथील पाणी पूर्वेस इतका लांबचा प्रवास का करते, हा प्रश्न मुलांना घेऊन झोपू द्यावे.

गडावरील शिस्त

लोहगड हे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याप्रमाणे अशा वास्तूस इजा करणे अथवा तिच्यावर नाव कोरणे हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुक्काम व स्वयंपाक गडावर न करता खालीच करावा. गडावर दिवसा जावे आणि दिवसाच उतरावे. तथापि कायद्याच्या भीतीपेक्षा दुसरा उपाय अधिक परिणामकारक ठरतो. प्रत्येक गटास तटाचा एक ठरावीक भाग नेमून द्यावा आणि तेथील दगडांची मोजमापे, घडणीच्या खुणा, उगवलेली झाडे व पडझड यांची नोंद करावयास सांगावी. भिंतीत वाढणाऱ्या वड-पिंपळाच्या मुळांनी दगड कसे सुटतात हे ज्याने वहीत टिपले, तो त्या भिंतीवर कोळशाने आपले नाव लिहीत नाही. कड्यांच्या कडेस, विशेषतः विंचूकाटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांब सोंडेवर, मुलांना एकेकट्याने जाऊ देऊ नये.

खर्च आणि कोणीही मागे न राहणे

हल्ली जलाशयाकाठी भाड्याचे तंबू मिळतात. त्यांचे दर मजुराच्या घरास परवडणारे नसतात. वर्गातील तीस मुले गेली आणि आठ मुले पैशांअभावी घरी राहिली, तर त्या शिबिराने गेलेल्यांना काहीही शिकविले असले तरी राहिलेल्यांना जे शिकविले ते फार वाईट आहे. म्हणून शिबिराचा खर्च सर्वांत गरीब मुलाच्या ऐपतीवरून ठरवावा. शाळेच्या इमारतीत मुक्काम, घरून शिधा, एस.टी. किंवा रेल्वेचा प्रवास आणि एकच रात्र, एवढ्यात शिबिर उत्तम होते. शिधा देताना कोणी किती आणला याची यादी मुलांपुढे वाचू नये. दोन रात्रींच्या शिबिरात निम्मी मुले नेण्यापेक्षा एका रात्रीच्या शिबिरात सारी मुले न्यावीत. चालण्यास अडचण असलेल्या मुलास गडाच्या पायथ्याशी नोंदवहीचे, नकाशाचे वा उष्णतामापकाचे काम प्रमुख म्हणून द्यावे. केवळ सामानाची राखण देऊ नये.

परतल्यानंतर आठ दिवसांच्या आत मुलांनी केलेली गणिते, छेद, नकाशे व वृद्धांकडून ऐकलेल्या हकीकती गावकऱ्यांपुढे मांडाव्यात. पाण्याचा नियम व हाक-काठी-दोर हा क्रम मुलांनी स्वतः पालकांना करून दाखवावा. गावातील तळी, खाणींचे खड्डे आणि विहिरी शिबिराच्या जलाशयाहून कमी धोक्याच्या नाहीत, आणि तेथे मुले शिक्षकांवाचून जातात. शिबिरात शिकलेला तो एक क्रम एखाद्या भर दुपारी, शाळेस सुटी असताना, गावच्या विहिरीवर उपयोगी पडेल. शिक्षकाने शिबिराच्या यशाचा हिशेब मांडताना तो दिवसही त्यात धरावा.